पांढऱ्या रंगाखालची गाडी

गाडी पांढरा रंग मारून विकलीत, पण आवाज तसाच ठेवलात. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला बरोबर कळलंय. रस्त्यावरच्या हातगाड्या उचलून नेणारं जे खातं आहे, त्याच्या मोठ्या खुर्चीत बसता तुम्ही. हमालाला दोष देऊ नका, ड्रायव्हरला देऊ नका. चोरी तुमची आहे. रोपवालीने ती कशी पाहिली, ते ऐका.

रोपवाली वीस वर्षं फुटपाथवर रोपं विकत आली. तिचं नाव झालं ते एका जास्वंदीमुळे. एका बुंध्यावर चार रंग: लाल, पिवळा, पांढरा आणि फिका केशरी. चारी कलमं तिने स्वतः बांधलेली, उशीच्या जुन्या अभ्र्याच्या पट्ट्या फाडून. त्या झाडाच्या फांद्यांवर तिचा सगळा धंदा उभा होता. गेल्या वर्षी, नव्याने बांधलेल्या एका कलमाची पट्टी सोडायच्या आधीच, तुमच्या माणसांनी हातगाडीसकट ते झाड उचललं. ती तुमच्या खात्याच्या गोदामात तीन खेपा घालून आली. तिसऱ्या खेपेला कारकुनाने मान वर न करता कागद सरकवला: 'नाशवंत माल, नष्ट केला.'

तेव्हापासून तिच्या मनात संशयाने घर केलं. शेजारच्या चपलावाल्यानेच खबर दिली असणार, म्हणून त्याच्याशी बोलणं बंद. एवढ्या वर्षांत गाठीला बांधलेलं सगळं मोडून तिने जुनी पिकअप घेतली ती एवढ्याचसाठी, की पुन्हा धाड आली तर किल्ली फिरवायची आणि चालू पडायचं.

गाडी आणायला जावई बरोबर होता. जावई टेम्पो चालवायचा, म्हणजे घरातला जाणकार तोच. दलाल म्हणाला, "फुलांच्या दुकानाची गाडी आहे हो, फुलांखेरीज काही वाहिलं नाही तिने." रोपवालीने आत बसल्याबसल्या नाक लावून पाहिलं. डिझेल, तंबाखू, ओला पुठ्ठा. फुलाचा वास औषधालाही नव्हता.

"जावईबापू, हा कुठला रस्ता?"

"आतला."

"ते दिसतंय मला. मोठा रस्ता काय बंद पडलाय?"

"गाडी अजून तुमच्या नावावर झाली नाही, आई. मोठ्या रस्त्याला कोणी अडवून कागद मागितले तर काय दाखवू, माझं तोंड?"

"तोंड राहू द्या. दलालाने तुम्हाला काय दिलं ते दाखवा."

"चहा दिला. तोही बिनसाखरेचा."

ती डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्या खिशाकडे बघत राहिली. गियर बदलला की सायलेन्सर दोनदा फाट-फाट करायचा, आणि मागच्या फळीची साखळी खळखळायची. दुरुस्त करून घेऊ, म्हणाला जावई.

पहिल्या वळणावर चारपाच जणांनी रस्त्याकडेला माल मांडला होता. गाडी अजून वळलीही नव्हती, नुसता आवाज गेला, आणि मोजेवाल्याने चादरीची चार टोकं एकत्र करून बोचकं पाठीवर टाकलं. अंडीवाली म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन बोळात पळाली.

"धाड आली!" रोपवाली ओरडली आणि तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. नुसती धूळ.

पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच. छत्रीवाल्याने भिंतीवरून उडी टाकली. आणि एका कांदेवाल्याने पळता पळता कांदा फेकला, तो काचेवर येऊन फुटला.

"थांबवा!" ती खाली उतरली. "अहो, पळताय कशाला? मी तुमच्यातलीच आहे, फुटपाथवरची!"

"गाडीतून उतरतेस आणि आमच्यातली?" कांदेवाला लांबूनच म्हणाला. "रंगाने फसतील दुसरे. या गाडीचं खोकणं झोपेतही ओळखतो मी. माझा तराजू नेलाय हिने."

रोपवालीने पिशवीतलं खुरपं काढलं आणि दरवाजा खरवडला. पांढऱ्याखाली निळी अक्षरं निघाली. तुमच्या खात्याची.

"तुम्हाला माहीत होतं!" तिने जावयाकडे खुरपं रोखलं.

"आई, शपथ! इंजिन बघितलं, टायर बघितले. रंगाखाली कोण बघतं?"

त्याचा चेहरा इतका पडला होता की तिचा त्याच्यावरचा संशय तिथेच मेला. बाकीचा मात्र दुप्पट झाला. उद्या ही गाडी घेऊन आपल्या लायनीत उभं राहिलं, तर खबरी म्हणून लोक तोंडावर थुंकतील. चपलावाला सगळ्यांच्या आधी.

"फिरवा. दलालाच्या दारात नेऊन उभी करा."

फिरवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना उंच कुंपणं. जावई जागा शोधत पुढे गेला, गियर बदलला, फाट-फाट झालं, आणि समोरच्या बंगल्याचं फाटक आपोआप उघडलं. म्हणजे आतल्या राखणदाराने उघडलं. हॉर्न न वाजवता.

"या, या! महिना झाला, गाडीच नाही!" तो हसत म्हणाला. "रंग दिलात वाटतं? साहेब साडेचारला येतील. आज काय आणलंय? कुंड्या असतील तर डावीकडे."

जावयाने तोंड उघडलं. तिने त्याचा दंड दाबला आणि खाली उतरून डावीकडे चालत गेली.

भिंतीला टेकून हातगाड्यांची चाकं होती. छत्र्या होत्या, एकात एक घातलेली स्टुलं होती. पलीकडे, चांगली जमिनीत रोवलेली, जास्वंद. चार रंग.

ती खाली बसली. अभ्र्याची पट्टी अजून बुंध्यावर होती. कलम धरलं की पट्टी सोडायची असते, नाहीतर ती सालीत रुतते. एवढंही इथे कोणाला ठाऊक नव्हतं. पट्टीच्या दोन्ही बाजूंना साल फुगून गळा आवळल्यासारखी झाली होती. तिने खुरप्याच्या टोकाने पट्टी कापून काढली, हळूहळू, पोराच्या पायातला काटा काढतात तशी.

"बाई, हात लावू नका," राखणदार धावत आला. "झाड गेलं तर माझी नोकरी जाईल."

"झाड माझं आहे."

"कागद आहे?"

कागद होता. त्यावर झाड मेलेलं होतं. तुमचीच सही.

ती राखणदाराकडे बघत राहिली. त्याच्या शर्टाला तीन बटणं होती, तिन्ही वेगळी. तिने खुरपं पिशवीत टाकलं.

"जावईबापू, गाडी फाटकात आडवी लावा. आणि किल्ली मला द्या."

"आई, साहेब येतील."

"यावेत म्हणूनच."

गाडी आडवी लागली आहे. किल्ली तिच्या मुठीत आहे. कुंपणाबाहेर गाडीच्या मागोमाग कांदेवाला येऊन उभा राहिलाय, त्याच्या मागे छत्रीवाला, आणि ती अंडीवाली म्हातारीही टोपलीसकट. तुमची मोटार आत जाणार नाही, साहेब. खाली उतरा, चालत या आणि सगळ्यांच्या देखत सांगा: हे झाड कोणाचं?