चमक भरली म्हणा

बाळ झोपलं की माझं काम सुरू होतं. मांडीवर ती, आणि तिच्यावरून हात लांब करून लॅपटॉपवर मी. इथे बंगळुरात, बनशंकरीतल्या एका छोट्या कंपनीसाठी मी इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहिते. अर्थ, वापर, आणि तो शब्द आला कुठून ते दोन ओळींत. लेकीच्या बारशाच्या आदल्या दुपारी वाट्याला आला ‘ट्विंज’. अचानक उठणारं, बारीकसं, क्षणात जाणारं दुखणं.

माझी नणंद, संयोगिता अक्का, त्याच सकाळी बेळ्ळंदूरहून आली होती. माझ्यासमोर बसून वरवंट्यासाठी टोपडं शिवत होती. बारशाला आधी वरवंट्याला बाळासारखं नटवून पाळण्याखालून-वरून फिरवायचं, मग खऱ्या बाळाला. आमच्या बसवनगुडीच्या घरात ही रीत अजून आहे.

“अक्का, अचानक दुखतं त्याला काय काय म्हणशील?”

तिनं वर न बघताच सांगितलं. “चमक वाकताना येते, आली तशी जाते. सणक पार डोक्यापर्यंत चढते. ठणका झोपू देत नाही. उसण भरली की श्वास अर्धाच घ्यायचा. पूर्ण घेतलास की मेलीस.”

“तुला गं एवढं कसं ठाऊक?”

“वय झालं.” आणि हसली. पस्तिशीसुद्धा गाठली नव्हती तिनं.

मी तिला स्क्रीनवरचं वाचून दाखवलं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ दुखणं असा नव्हताच. चिमटा काढणं, पिळणं असा होता. जर्मनमध्ये त्याचा एक भाऊबंद आहे, त्याचा अर्थ जबरदस्ती करणं. “म्हणजे बघ, आधी या शब्दात हात होता. कुणीतरी कुणालातरी चिमटायचं. मग शतकं गेली, हात निघून गेला आणि नुसतं दुखणं उरलं. जसं काही आपोआप उठलं.”

अक्कानं दातांनी दोरा तोडला. “बरंच झालं की त्याचं.”

“कुणाचं?”

“हाताचं.”

मी हसले. मला तो विनोद वाटला.

दुसऱ्या दिवशी घर बायकांनी भरलं. सासूबाई, म्हणजे अक्काची आई तुंगाबाई, ओरडून ओरडून घुगऱ्या वाढायला लावत होत्या. त्यांचा आवाज गांधी बझारपर्यंत जातो म्हणतात. पुरुष बाहेरच्या खोलीत. त्यांच्यात अक्काचा नवरा पवनकुमार. आम्ही सगळे त्यांना दाजी म्हणतो. बाळाला चांदीचा वाळा त्यांनीच आणला होता, स्वतःचं ताट स्वतः उचलत होते, सासूबाईंना कानडी वळणानं “अत्ते, तुम्ही बसा स्वल्प” म्हणत होते. जावई असावा तर असा, असं आमच्या गल्लीत बोललं जायचं.

वरवंटा फिरवून झाला. मी बाळाला पाळण्यात ठेवलं. आता आत्यानं वाकून कानात कुर्र्र करायचं, नाव सांगायचं, आणि ती वाकली की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. हीच तर बारशाची मजा.

“घाला गं सगळ्याजणी!” चुलतसासू भागुबाईंनी पदर खोचला. “बेळ्ळंदूरला राहून पाठ फार ताठ झालीय आत्याबाईंची!”

अक्का वाकली. कुर्र्र म्हणाली. तेवढ्यात पहिला बुक्का बसला, तिच्या आईचाच, लाडाचा आणि सणसणीत.

स्कूटरखाली पिल्लू सापडावं तसा एकच आवाज निघाला अक्काच्या तोंडून. गुडघे दुमडले, कपाळ पाळण्याच्या पितळी कडीवर आदळलं.

“अय्यो, काय ॲक्टिंग!” कुणीतरी ओरडलं. हसण्याचा कल्लोळ झाला आणि त्या हसण्यातच आणखी दोन बुक्के बसले. सासूबाईही हसत होत्या. मग बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर रक्ताचा थेंब पडला. दुसरा पडला. हसणं एकेका तोंडातून विझत गेलं.

“नाव राहिलं,” भागुबाई पुटपुटल्या. “नाव घेतलंच नाही तिनं.”

मी एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातानं अक्काला धरून आतल्या खोलीत नेलं. तिच्या भुवईवर रुमाल दाबला. तिला श्वास घेता येत नव्हता म्हणून ब्लाउजचे हुक काढले, आणि मला तिची पाठ दिसली.

निळं, काळं, कडेनं पिवळं. पट्ट्याच्या बकलाचे चौकोन, एकावर एक. डाव्या बरगडीपाशी टाचेएवढा सुजलेला उंचवटा. आणि त्या सगळ्यावर ताजी लाल, आमच्या बुक्क्यांची खूण.

“चमक भरलीय गं, शिवू,” ती म्हणाली. “शेकलं की जाईल.”

बाळ रडायला लागलं. मी तिला पदराखाली घेतलं. ती शांतपणे पिऊ लागली.

“अक्का,” मी म्हणाले, “हात कुणाचा?”

तिनं बाळाच्या हलणाऱ्या गालाकडे बघितलं. मग तुकड्या-तुकड्यांनी बोलली. “पाठीवरच मारतो. म्हणतो, तुझी पाठ तुला दिसत नाही, मग तुझं काय जातं. परवा मी म्हटलं, बारशानंतर चार दिवस अम्माकडे राहते. तर खाली पाडलं आणि बुटासकट उभा राहिला पाठीवर. वर उभं राहून फोनवर बोलला ऑफिसशी.”

“अम्मांना सांगितलंस?”

“एकदा. म्हणाली, उसण भरली असेल, एरंडाचं पान बांध.” तिनं श्वास घ्यायला बघितलं, अर्ध्यावर थांबली. “आज संध्याकाळी घेऊन जाणार आहे तो. एवढ्या लोकांत ओरडले ना मी. आता पाठीवर नाही थांबणार. मान धरेल. मला जाऊ देऊ नका गं.”

दाराशी काहीतरी हललं. सासूबाई उभ्या होत्या, कडेवर टोपडं घातलेला वरवंटा. तो आत ठेवायला आल्या होत्या. लेकीच्या उघड्या पाठीकडे बघत होत्या, मग स्वतःच्या मुठीकडे. त्या बाईला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या बाजूनं वाट काढत दाजी आत आले. अक्कानं घाईघाईनं पदर ओढून घेतला.

“काय झालं आमच्या राणीला? स्वल्प लागलं की काय?” आवाज मधासारखा. “चल, निघू या. रिंग रोडला ट्रॅफिक लागेल नंतर.”

“ती राहतेय आज,” मी म्हणाले.

“नाही, नाही. औषधं घरी आहेत तिची.” त्यांनी प्रेमानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी शेजारीच होते, मला दिसलं. चार बोटं कुरवाळत होती आणि अंगठा त्या उंचवट्यात रुतत होता. चेहऱ्यावर हसू तसंच.

अक्काच्या तोंडून तोच आवाज निघाला. पाळण्यापाशी निघाला होता तोच.

“हात काढा,” मी म्हणाले.

“आमच्या घरचं आम्ही बघू.” त्यांनी तिचं मनगट पिळून तिला उठवलं. ती पलंगाच्या पायाला बिलगली. त्यांनी नेट लावायला उजवा हात दाराच्या चौकटीवर रोवला आणि तिला खेचलं. पलंग सरकला. तिचं डोकं जमिनीवर आपटलं.

सासूबाईंनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलला आणि चौकटीवरच्या त्या हातावर घातला.

शेवग्याची ओली शेंग मोडावी तसा आवाज आला. दाजी ओरडले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा घातला. टोपडं फाटलं, आतला काळा दगड दिसू लागला, कडेला विणलेली गुलाबी लेस लाल झाली. दाजी भिंतीशी घसरत खाली बसले. त्यांच्या दोन बोटांना दिशाच राहिली नव्हती.

“अम्मा! सोड!” माझा नवरा शंतनु धावत आला. मागून सगळ्या बायका दारात. बाळाच्या तोंडातून दूध सुटलं, ती किंचाळून रडू लागली. सासूबाईंनी वरवंटा तिसऱ्यांदा डोक्याच्या वर नेला होता. तो खाली आला असता तर बोटांवर आला नसता. शंतनुनं त्यांचं मनगट वरच्या वर धरलं.

“पोलिसात जाईन!” दाजी हात पोटाशी धरून ओरडत होते. “हुच्च बाई आहे ही, वेडी! सगळ्यांना आत घालीन!”

“जा.” सासूबाईंचा आवाज परत आला, पण खालचा, घोगरा. “आधी डॉक्टरकडे जा, जावईबापू. विचारलं हाताला काय झालं, तर चमक भरली म्हणा. माझ्या पोरीनं इतकी वर्षं तेच सांगितलं ना?”

शंतनुला काही कळेना. मी अक्काचा पदर बाजूला केला. त्यानं पाहिलं आणि आईचं मनगट सोडून दिलं. तेव्हा मात्र दाजी स्वतःच उठले. जिना उतरताना दोनदा तोल गेला त्यांचा. आमच्यातलं कुणी धरायला गेलं नाही. खाली ऑटोवाल्याशी घासाघीस केल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

मी अक्काच्या पाठीचे फोटो काढले. पोलीस यायचे तर येऊ देत. शंतनु म्हणाला, तासाभरात आपणच जाऊ, आधी हॉस्पिटल, मग ठाणं. अक्का म्हणाली, “थांब. पोरीचं नाव राहिलंय.”

पाळण्याभोवती बायका पुन्हा उभ्या राहिल्या. घुगऱ्या गार झालेल्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी दुपटं बदललं, बाळाला ठेवलं. भुवईवर पट्टी बांधलेली अक्का पाळण्याला धरून धरून वाकली, जेमतेम अर्धी. अर्ध्या श्वासात बाळाच्या कानात म्हणाली, “कुर्र्र. मेघाश्री.”

कुणाचाही हात उठला नाही. भागुबाई पदरात तोंड घालून उभ्या होत्या.

“अम्मा,” अक्का वाकलेलीच होती. “रीत आहे. पोरीला नाव लागायला नको का? हळू मार, पण मार.”

सासूबाई पुढे झाल्या. वरवंटा धरलेल्या हातांवर अजून डाग होते, ते त्यांनी लुगड्याला पुसले. मूठ वळली, सोडली, नुसती दोन बोटं पुढे केली. लेकीच्या पाठीवर कुठे टेकवता येतील ती जागा त्या शोधू लागल्या. मानेपासून खाली, बरगडीकडून कमरेकडे, हवेतल्या हवेत बोटं फिरत राहिली.

बराच वेळ शोधत होत्या.