गुरू ग्रहाला लागू असलेली सवलत

चौसाळ्याच्या दूध संस्थेचा हौद त्या दुष्काळात कोरडा पडला. दुधाच्या किटल्या हौदात निववून मगच दुधाची घनता मोजणारा लॅक्टोमीटर सोडायचा, ही तेथील रीत. पाणी गेले, निववणे गेले. तपासणी तेवढी राहिली. तीत कडूबाईचे दूध पातळ ठरले. पाणी घातल्याच्या आरोपावरून तिला सभासदत्वातून काढण्यासाठीच संध्याकाळची सभा बोलावलेली होती.

चेअरमन अर्जुनराव यायचे होते. तोवर सचिव विरुपाक्ष गुरुजी, जे निवृत्त विज्ञानशिक्षक होते, गुरू ग्रहाच्या अंतर्भागाविषयी बोलले.

"वरच्या थरांच्या भाराने खालचा वायू दबतो, दाट होतो, अतिखोल तर हायड्रोजन धातूसारखा वागतो. परंतु आतली उष्णता त्याला फुगवू पाहते. म्हणून तापमान न पाहता घनतेचा निवाडा देणे, हे अडाणीपणाचे लक्षण होय."

"मग कडूबाईचं दूध बी कोमटच मोजलंय की, गुरुजी," बंकट नावाचा सभासद म्हणाला.

"गुरू ग्रह आपल्या संस्थेचा सभासद नाही," गुरुजींनी ठणकावले. "विषयांतर नको."

"म्हशीला प्यायला न्हाई," कडूबाई म्हणाली, "आन् दुधात घालायला कुठनं आणू?"

एवढ्यात अर्जुनराव आले. मागोमाग त्यांच्या दुधाची किटली. लॅक्टोमीटर सोडला. तो कडूबाईच्या दुधात गेला होता त्याहूनही खोल गेला. म्हणजे हे दूध तिच्याहून पातळ.

"गुरुजी," चेअरमन मृदू स्वरात म्हणाले, "ते गुरूच्या पोटातल्या उष्णतेचं जरा परत सांगा."

गुरुजींनी परत सांगितले. या खेपेस दुधाच्या संदर्भात. यापुढे दूध निववूनच मोजावे, असा ठराव तिथल्या तिथे झाला. अर्जुनरावांच्या घरून घंगाळभर गार पाणी आले. त्यात त्यांची किटली ठेवताच कडूबाईने आपली संध्याकाळची किटली शेजारी टेकवली.

"अगं ए, तुझी कशाला?"

"ठराव झालाय न्हवं, मालक?"

दोन्ही निवल्या. कडूबाईच्या दुधात लॅक्टोमीटर खुणेवर येऊन डौलात उभा राहिला. अर्जुनरावांच्या दुधात तो फारसा हलला नाही.

"पाण्याचा टँकर कुठं रिकामा होतोय, ते आज कळलं गड्या!" बंकट शेजाऱ्याला म्हणाला.

बऱ्याच विचारांती सभेने लॅक्टोमीटर सदोष ठरवला. सदोष यंत्रावरून कोणालाही काढता येईना. सबब कडूबाई सभासद राहिली. यंत्र सदोष ठरवण्याविरोधात एकच मत पडले, गुरुजींचे. यंत्र निर्दोष असल्याचे प्रयोगाने सिद्ध करण्याची परवानगी त्यांनी मागितली, आणि ती मिळालीही; परंतु घंगाळ तोवर पाण्यासकट अर्जुनरावांच्या घरी परत गेले होते.