सुई उडायची ते कडवं

घड्याळजीचा स्वभाव मुळातच तुसडा. कुणी "जरा लवकर द्या हो" म्हटलं की न उघडलेलं घड्याळ परत त्याच्याच हातात. अशा माणसाला तीन जिवाभावाचे मित्र लाभले ते निव्वळ जुन्या गाण्यांपायी. दर रविवारी चार वाजता दुकानामागच्या खोलीत चौघं जमायचे. कुणी जॅझ आणायचं, कुणी पॉप, कुणी सुरुवातीच्या काळातलं रॉक, ज्याला घरचे सरळ धिंगाणा म्हणायचे. नियम एकच. गाणं दोनदा लावायचं. पहिल्यांदा कान उघडे, तोंड बंद; दुसऱ्यांदा काय भांडायचं ते भांडा.

पुढे चौघांतला पोस्टमास्तर वारला. शिंपी लेकीकडे राहायला गेला आणि तिकडचाच झाला. उरला छापखान्यातला मशीनमन, तर त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि तीन जिने उतरणं बंद झालं. मग घड्याळजी रविवारी चारला फोनवरून त्याला एक गाणं पाठवी आणि उत्तराची वाट बघत बसे. "वा लेका, काय ट्रम्पेट!" असं काहीतरी यायचंच. बायको गेल्यापासून घरात चिटपाखरू नव्हतं. त्या एका ओळीवर गड्याचा अख्खा आठवडा निघायचा. हे त्यानं कबूल केलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

गेल्या रविवारी त्याला फोनवर त्यांचं लाडकं गाणं सापडलं. संथ जॅझ. एक माणूस स्टेशनवर बाईची वाट बघतो, बस्स. त्यांची रेकॉर्ड पहिल्याच दिवशी मशीनमनच्या हातून पडून तिच्यावर ओरखडा उठला होता. दुसरं कडवं संपलं की सुई टुणकन उडी मारून थेट शेवटच्या ट्रम्पेटवर जायची. तीस वर्षं त्यांनी गाणं तेवढंच ऐकलं. दुसरी आणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांचं गाणं तसंच होतं.

फोनवर दुसरं कडवं संपलं आणि चक्क तिसरं सुरू झालं! घड्याळजी ताडकन उठला. अरे, ती येते की! गाडीला उशीर झाला होता, एवढंच! त्यानं लगेच गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "ऐक. मग बोल."

पाच मिनिटांत उत्तर आलं. "नेहमीसारखंच. डोळ्यांत पाणी आणतं बघ."

नेहमीसारखंच? घड्याळजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा बेटा ऐकतच नव्हता! इतक्या रविवारांची ती वाहवा सगळी तोंडदेखली. आणि आपण खुळ्यासारखे फोन मांडीवर घेऊन बसत होतो. राग ओसरला तसं त्याला फार एकटं वाटलं. त्या रात्री तो जेवलाही नाही.

सकाळी दुकान न उघडताच तो मशीनमनच्या घरी गेला. धापा टाकत तीन जिने चढला. सुनेनं दार उघडलं. मशीनमन खिडकीशी पाठमोरा बसला होता.

"काय रे, फसवतोस मला?" घड्याळजी दारातूनच गरजला. मशीनमन वळलासुद्धा नाही.

"काका, ओरडून उपयोग नाही," सून हळूच म्हणाली. "ही वही घ्या. लिहून दाखवावं लागतं. आठ महिने झाले. तुम्हाला बोलले नाहीत का ते?"

घड्याळजी वही घेऊन मित्रासमोर बसला. त्याला बघून मशीनमनचा चेहरा आधी खुलला, मग वहीकडे बघून पडला.

"कळलं तर," तो म्हणाला. "आयुष्यभर त्या छपाईच्या मशीनशेजारी उभा राहिलो, दुसरं काय होणार! कानाला यंत्र लावून बघितलं. नुसता खडखडाट. बोलणं नाही, गाणं तर नाहीच."

"सांगितलं का नाहीस?" घड्याळजीनं खरडलं.

"सांगितलं असतं तर पाठवणं बंद केलं असतंस. तू पाठवलेल्या गाण्याचं नाव दिसतं ना, मग मी डोळे मिटून ते डोक्यात लावतो. दोनदा. सगळं वाजतं अजून."

डोक्यात. म्हणजे ओरखड्यासकट. घड्याळजीला हुंदका आला, तो त्यानं खोकल्यात दडवला. मग चष्मा पुसून तिसरं कडवं एकेक ओळ वहीत उतरवलं.

मशीनमननं ते वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे ती येते?"

घड्याळजीनं मान डोलावली.

"अरे, आणि पोस्टमास्तर बिचारा ती आलीच नाही असं समजून गेला रे!" दोघंही हसले.

मशीनमननं वही मांडीवर घेऊन डोळे मिटले. ओठ हलले, मध्येच थांबले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. त्यानं डोळे उघडले.

"चाल तीच आहे का रे? की बदलते?"

बदलत होती. ती गाडीतून उतरते तिथे गाणं वेगळंच वळण घेत होतं, आणि ते घड्याळजीला कालपासून सोडत नव्हतं. त्यानं पेन टेकवलं. "वर जाते" लिहिलं, खोडलं. "आधी थांबते, मग" एवढं लिहिलं, तेही खोडलं. मशीनमन त्याच्या पेनाच्या टोकाकडे डोळे लावून बसला होता.

शेवटी घड्याळजीनं लिहिलं, "तीच आहे."

"मग जमेल," मशीनमन खुशीत म्हणाला आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.