सोमाजी गुरुजींची हजेरी

अश्वजितने ती फ्रेम आईपुढे धरली तेव्हा केसरबाई तांदूळ निवडत होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या होत्या, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तरी खडा त्यांच्या नजरेतून सुटत नसे. फ्रेममधलंही त्यांना लगेच दिसलं.

शाळेच्या जुन्या हजेरीपटाचं पान होतं ते. मुलांच्या नव्हे, शिक्षकांच्या. शाळा दोन शिक्षकांची, म्हणून पानावर दोनच ओळी. वरची मुख्याध्यापक सोमाजी गुरुजींची, म्हणजे केसरबाईंच्या दिवंगत नवऱ्याची. महिनाभर एकसारखी, वळणदार सही. खालची ओळ केसरबाईंची, आणि तिच्यात तीन ठिकाणी लाल शाईने ‘रजा’.

“कपाट आवरताना गठ्ठाच सापडला, आई,” अश्वजित म्हणाला. चंद्रपूरला कचेरीत असतो, पन्नाशी उलटलेली, पण बाबांचं नाव निघालं की चेहरा अजून पोरासारखा होतो. “अठ्ठावीस वर्षांत बाबांची एक रजा नाई! समितीले दाखवलं, सारे चूप. शाळेच्या अंगणातल्या नव्या खोलीले नाव ठरलं. कालकथित सोमाजी गुरुजी वाचनालय. रविवारी उद्घाटन.”

केसरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या सह्या, त्या अठ्ठावीस वर्षांतली एक अन् एक, त्यांनी स्वतः केल्या होत्या.

सोमाजी वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. दारू नाही, मारहाण नाही. गोड गळा, रुबाबदार शरीर. दिवाळी झाली की झाडीपट्टीतली नाटकं सुरू व्हायची आणि गुरुजी कुठल्या ना कुठल्या गावात राजाचा पार्ट करायचे, ते थेट होळीपर्यंत. उरलेल्या महिन्यांत कोणाची सोयरीक जुळव, कोणाचं भांडण मिटव, ब्रह्मपुरीच्या टपरीवर चार लोकांत बस. गावाला हवाहवासा माणूस. शाळेला तेवढा तो कधी दिसला नाही.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो म्हणाला होता, “आजच्या दिवस माझी सही मारून ठेव. साहेब येणार हाये म्हणतात.” एकवीस वर्षांच्या केसरबाईंनी मारली. घरात पाटीवर चार वेळा गिरवून मग मारली, म्हणजे साहेबाला शंका नको. चूक ती एवढीच, आणि ती त्यांनी पुढे रोज केली. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्या की आधी त्याच्या मागच्या सगळ्या सह्या एका बैठकीत करायच्या, मग शाळेचं कुलूप काढायच्या. कारण त्या रजेवर गेल्या की शाळाच बंद असायची.

चारही वर्ग त्यांचे. पहाटे पाणी, चूल, सासूचं औषध, मग शाळा. तान्ह्या अश्वजितचा पाळणा तिसरीच्या वर्गात तुळईला टांगलेला, आणि पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून फळ्यावर भागाकार. रोवणा लागला की पोरं चिखलात जायची. मग बाई लुगडं खोचून बांध्यांवर जायच्या आणि धान रोवणाऱ्या पोरांकडून तिथेच पाढे म्हणून घ्यायच्या. संध्याकाळी परत चूल. कोणी अधिकारी आलाच तर “गुरुजी आत्ताच पोरं गोळा करायले गेले” हे वाक्य त्यांना झोपेतही म्हणता आलं असतं.

“अश्वजित,” त्या म्हणाल्या, “या सह्या कोनाच्या हायेत, तुले मालूम नाई?”

तो फ्रेमच्या काचेवरची नसलेली धूळ पुसू लागला.

“तू त्याच शाळेत होतास. चार वर्षं. बाबाले खडू हातात घेतलेला पाह्यला कधी?”

“आई, जाऊ दे ना आता. गेलेल्या मानसाचं काऊन काढतेस? गावापुढं शोभा होईल. तुझीच होईल, खोट्या सह्या तर तू केल्या ना?”

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जिव्हारी लागलं. केसरबाईंना मुलाचा राग आला, मेलेल्या माणसाचा आला, आणि सगळ्यांत जास्त पाटीवर सही गिरवत बसलेल्या त्या एकवीस वर्षांच्या मूर्ख पोरीचा आला. तांदळाचं सूप त्यांनी असं ठेवलं की सून रोशनी आतून धावत आली. दोन दिवस त्या मुलाशी बोलल्या नाहीत. शेवटी, त्याच्यासाठी, गप्प बसायचं ठरवलं. इतकी वर्षं बसले, एक रविवार आणखी.

रविवारी शाळेच्या अंगणात मांडव होता, स्टेजवरच्या टेबलावर ती फ्रेम. त्रिसरण झालं, हार झाले. समितीचा अध्यक्ष पोचू, बाईंच्या हातचा विद्यार्थी, आता स्वतः आजा झालेला. पहिल्या दोन रांगांतही सगळी त्याच्याच वयाची पिकली डोकी. केसरबाईंना स्टेजवर कडेच्या खुर्चीत बसवलं, शाल दिली. शालीबरोबर जो कागद वाचला त्यात त्या ‘गुरुजींच्या सुविद्य पत्नी’ होत्या. बाईंनी तेही गिळलं.

मग अश्वजित बोलायला उठला. छान बोलला, बापाचाच गळा. आणि शेवटी आईकडे हात करून म्हणाला, “आईनं घर सांभाळलं, म्हणूनच बाबा शाळा सांभाळू शकले.”

टाळ्या पडल्या. केसरबाई उठल्या. रोशनीने धरलेला हात त्यांनी झटकला आणि मुलाच्या हातून माईक काढून घेतला.

“या सह्या माझ्या हायेत,” त्या म्हणाल्या. “हजेरीपटातल्या. साऱ्या. गुरुजी शाळेत येतच नव्हते. मी खोटं केलं, अठ्ठावीस वर्षं केलं. घर मी सांभाळलं, अन् शाळाही मीच सांभाळली.”

अश्वजितची मान खाली गेली. केसरबाईंना वाटलं, आता गाव हादरेल, कोणी संतापेल, निदान कोणी तोंडावर हात तरी ठेवेल.

पोचू उठला. हात जोडून, मायेने, अगदी समजूत काढावी तसं म्हणाला, “बाई, आमाले साऱ्यायले मालूम हाये. लहान होतो तईपासून मालूम हाये.”

“मंग नाव त्याईचं काऊन?”

पोचूने मागे बघितलं. कोणी मदतीला येईना. “नाव म्हटलं की… गुरुजीच आले ना डोस्क्यात, बाई. तुमी तर आपल्या घरच्याच.”

खोटं उघडं करायचं की नाही, यावर केसरबाईंनी दोन दिवस डोकं शिणवलं होतं. इथे उघडं पडायला काही नव्हतंच. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनच दगडावर नाव कोरलं होतं. फसवलेल्या माणसांना माफ करता येतं. या लोकांचं काय करायचं, त्यांना कळेना. आणि मग एकदम कळलं, कारण समोर बसलेलं ते सगळं शेवटी त्यांचंच पहिली ते चौथी होतं.

“उभे राहा,” त्या म्हणाल्या. माईकची गरज पडली नाही. “या शाळेत शिकलेले सारे. उठा!”

पिकलेली डोकी उठली. गुडघे धरून, काठ्या शोधत, पण उठली. पोचू उभाच होता. स्टेजवर अश्वजितही उभा होता.

“आता ज्याले ज्याले गुरुजीनं एक अक्षर शिकवलं, तो खाली बसा.”

कोणी बसलं नाही. एक म्हातारा गुडघ्यापायी वाकला, बाईंनी बघितलं, तो परत सरळ झाला. अश्वजितने मागची खुर्ची चाचपली आणि हात परत घेतला.

“बसा ना,” केसरबाई म्हणाल्या. “काऊन नाई बसत?”

बाईंनी माईक टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून मधोमध घेतली आणि बसल्या. बाकीच्यांना त्यांनी तसंच उभं ठेवलं.