उतरवलेले सूर

मित्रांनो, खिडकीपाशी चादर पांघरून उभी आहे ना, तीच मी. मी एक जुनी हार्प, उभ्या तारांचे मोठे वाद्य आहे. माझ्या पोटाची फळी फुटली आहे आणि तारा लोंबत आहेत. पण मी कायम अशी नव्हते.

माझ्या मालकीणबाईंनी मला घरी आणले तेव्हा त्या ऐन तारुण्यात होत्या. मला उजव्या खांद्यावर टेकवून त्या वाजवत आणि गात. त्यांचा आवाज श्रोत्यांपर्यंत पोचण्याआधी खांद्यातून माझ्या लाकडात उतरे. लोक उभे राहून टाळ्या वाजवत. पुढे बोलावणी कमी झाली आणि बाई घरीच शिकवू लागल्या.

त्यांचा गळा थकतो आहे, हे सर्वांत आधी मला कळले. वरचा सूर लावताना खांदा थरथरू लागला होता. एके दिवशी शिकवताना तो सूर फाटला. शिष्यांनी माना खाली घातल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी खरा सूर दाखवणारा स्वरकाटा कपाटात टाकला, तारा पिळायची किल्ली घेतली आणि माझी एकेक तार किंचित सैल केली. माझ्यासोबत तो वरचा सूरही खाली आला आणि बाईंना पुन्हा लागला. मग गळा उतरला की मलाही उतरवायचे, असे वर्षानुवर्षे चालले. घरात दुसरे वाद्य नव्हते. कुणाला पत्ता लागला नाही.

सख्खी भाची ही त्यांची सर्वांत लाडकी शिष्या.

"मावशी, मला नुसती ओरडतेस, आणि हिला मात्र कुशीत घेऊन बसतेस!"

"ती उलट उत्तर देत नाही ना, म्हणून."

मित्रांनो, मला तोंड असते तर!

भाची मोठ्या संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेला गेली, ती रडतच परतली.

"त्यांच्या पियानोचा सूर केवढा वर होता गं! माझा वरचा सूर फाटला. मी म्हटलं, तुमचा पियानो बिघडलाय. माझी मावशी चुकीचं शिकवणार नाही. तर सगळे हसले."

"पुढच्या वर्षी पुन्हा..."

"प्रवेशाचं वय संपलं माझं, मावशी. हीच शेवटची संधी होती."

बाई उठल्या. मग त्यांनी कपाटातून स्वरकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि माझ्या लाकडाला टेकवला.

"पियानो बरोबर होता, बाळा. माझा गळा गेला, म्हणून मी हिला उतरवत आले."

त्या माझ्या तारा पिळू लागल्या. इतकी वर्षे सैलावलेले माझे लाकूड करकरू लागले.

"मावशी, थांब! फुटेल ती!"

"फुटू दे. तू आधी खरा सूर ऐक."

तो तिने ऐकला. मग माझी फळी उभी चिरली.

भाची आता येत नाही. बाई शिकवत नाहीत. रोज माझ्यावरची धूळ तेवढी पुसतात.

मित्रांनो, वाद्यांना जपा, त्यांच्या तारा वेळेवर बदला. पण त्याआधी घरातल्या थकलेल्या माणसाला 'आता मला जमत नाही' असे म्हणू द्या. आणि ते म्हणेल, तेव्हा मान खाली घालू नका.