कूलरमागचा चुलता

पिंपळवंडीच्या चांगदेवतात्यांना बासष्टाव्या वर्षी ‘मी कोण?’ असा प्रश्न पडला, असं गावात सांगतात. ते काही खरं नाही. प्रश्न पडला नव्हता, तात्यांनी तो औषधासारखा सुरू केला होता, आणि आजार कोणता हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाच्या, रामनाथच्या थोरल्या मुलीचं, आरतीचं लग्न झालं. आपल्याकडे मुहूर्ताआधी निवेदक माइक हातात घेतो, मंडपातल्या मानकऱ्यांची नावं पुकारतो आणि एकेकाला वर बोलावून फेटा बांधतात. मुहूर्त टळला तरी चालतो, नाव टळलेलं चालत नाही. त्या दिवशी त्रेचाळीस नावं पुकारली गेली, पतसंस्थेच्या संचालकांपासून कुठल्याशा माजी उपसरपंचाच्या मेव्हण्यापर्यंत. तात्यांनी ती बोटांवर मोजली होती. नवरीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव तेवढं निवेदकाच्या चिठ्ठीत राहून गेलं. तात्या उठले, मोटारसायकलला किक मारली आणि न जेवता घरी आले. सासरी निघालेली आरती पाया पडायला आपल्याला शोधत होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून रामनाथ बोलत नव्हता. दोघांची विहीर एक, पण पाण्याची पाळी बायकांच्या तोंडून ठरायची.

आता लग्न धाकटीचं, तेजस्विनीचं होतं. ती तात्यांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. पत्रिका घेऊन एकटीच आली आणि म्हणाली, “तात्या, शेवटपर्यंत थांबणार असाल तरच या. न्हाईतर आत्ताच सांगा, म्हंजी मी आत्ताच रडून घेते.”

“थांबीन,” तात्यांनी शब्द दिला. भाऊ तुटला तो तुटला, आता ही पोरगीही तुटली तर आपल्यापाशी राहिलं काय, मोठेपणा? दुसऱ्याच दिवशी ते कळंबला हस्तीमलकडे गेले. हस्तीमलचं बियाण्यांचं दुकान. तो तात्यांचा शाळेपासूनचा दोस्त, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानातच डोळे मिटून आत्मविचार करणारा माणूस.

सगळं ऐकून हस्तीमल म्हणाला, “तुझं दुखणं नावाचं न्हाई. ज्याला नाव पायजेल, तो जो ‘मी’ हाय ना, त्याचं हाय. त्यालाच धर. इचार आला की इचारायचं, हा कुणाला आला? मला. मग मी कोण? उत्तर द्यायचं न्हाई. नुसतं त्या ‘मी’च्या मागं मागं जायचं.”

“किती दिवसांत गुण येतो?” तात्यांनी विचारलं. फवारणीच्या औषधाबद्दल हाच प्रश्न रोज वीस जण विचारत असल्यामुळे हस्तीमल नुसता हसला.

लग्नाला दोन महिने होते. तात्या रोज पहाटे गोठ्याच्या ओट्यावर बसू लागले. मी कोण? विहिरीवरच्या पंपाला थ्री फेजची लाईट आज किती वाजता येणार? हा विचार कुणाला आला? मला. मी कोण? काल नारायणगावला टोमॅटोचा बाजार काय निघाला? कुणाला पाहिजे बाजार? मला. मी कोण? शेजारच्या गेणूनं बांध कोरला तर नसेल? इथं मात्र ‘कुणाला’ असं विचारायच्या आत तात्या बांधावर पोचलेले असत.

“तुमी कोण ते मला इचारा, चाळीस वर्सं बघतीया,” त्यांची बायको कुशाबाई म्हणायची. “आधी म्हशीला पाणी दावा.”

पण तात्या चिवट गडी. मन दिवसातून शंभरदा पळायचं आणि तात्या शंभरदा त्याला ओढून आणायचे. यात ढोंग काडीचं नव्हतं, पोरीला दिलेला शब्द होता. दुसऱ्या महिन्यात कधीकधी, धार काढताना, आत एकदम शांत व्हायचं. मग लगेच ‘जमलं की राव आपल्याला’ असं वाटायचं आणि सगळं मुसळ केरात जायचं.

लग्नाच्या दिवशी रामनाथनं कार्यालयाच्या फाटकात हात जोडले, पण वर पाहिलं नाही. तात्या आणि हस्तीमल पुढच्या सोफ्यावर बसले. निवेदकानं माइकवर फू फू केलं आणि नावं सुरू झाली. चेअरमन झाले, माजी सभापती झाले. आपलं नाव आलं नाही, ही टोचणी कुणाला? मला. मी कोण? आणि आतून खणखणीत आवाज आला, नवरीचा सख्खा थोरला चुलता! उत्तर द्यायचं नसतं हे त्या आतल्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तेविसावं नाव आलं, “कळंबचे सुप्रसिद्ध व्यापारी, श्रीमान हस्तीमलशेठ!”

हस्तीमलनं डोक्यावरची टोपी काढून सोफ्यावर ठेवली, केस सारखे केले आणि तो व्यासपीठाकडे असा निघाला की पाय जमिनीला लागेनात. फेटा बांधून झाल्यावर खाली यायचं सोडून तिथल्याच खुर्चीत बसला आणि व्हिडिओवाला आपल्याकडे बघतोय का ते बघू लागला.

तात्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. गुरूला फेटा आणि चुलत्याला वारा! हात खिशातल्या किल्लीवर गेला. ते उठलेसुद्धा. मग तेजस्विनीचं तोंड आठवलं आणि फाटकाकडे निघालेली पावलं वळली. मंडपाच्या पार शेवटी एक भलामोठा कूलर घरघरत होता. त्याच्यामागं एक खुर्ची पडली होती. तिथं बसलं की माइकवरचा शब्दसुद्धा ऐकू येत नव्हता. तात्या बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

किल्ली कुणाच्या मुठीत? माझ्या. मी कोण? आज हे पहाटेच्या पाठांतरासारखं नव्हतं. बुडणारा माणूस दोर धरतो तसा त्यांनी प्रश्न धरला. राग येत होता. कुणाला? मला. तो कुठाय? हळूहळू असं झालं की राग होता, पण त्याचा धनी सापडेना.

पुढचं तात्यांना मागाहून समजलं. सर्वांत मानाचा फेटा रामनाथनं शेवटाला ठेवला होता. चिठ्ठीवर भरवसा नको म्हणून त्यानं स्वतः माइक घेतला आणि थोरल्या भावाचं नाव पुकारलं. एकदा, दोनदा, तीनदा. सोफ्यावर हस्तीमलची टोपी तेवढी होती. “गेला जणू परत,” मंडपात कुजबुज झाली.

लाईट गेली आणि कूलर थांबला, तेव्हा तात्यांनी डोळे उघडले. एकाएकी झालेल्या शांततेत फाटकाकडून आवाज आला.

“जुनी मोटारसायकल, धोतरवाला माणूस. गेला का हितनं?” रामनाथ वॉचमनला विचारत होता. त्याच्या हातातल्या सोडलेल्या फेट्याचं टोक धुळीत लोळत होतं. “या टायमाला नाव घेतलं व्हतं रं मी त्याचं. तेवढं तरी ऐकून जायाचं.”

तात्या धावले. खुर्ची उलटली, एक वहाण मागं राहिली. लोकांच्या गुडघ्यांवर आपटत, कुणाचं सरबत सांडत त्यांनी फाटक गाठलं आणि रामनाथचा दंड धरला.

“हाय रं, हितंच हाय. कूलरमागं व्हतो.”

“तीनदा पुकारलं, दादा.”

“न्हाई आलं ऐकू.”

“मग तितं कशाला जाऊन बसला व्हतास?”

“पळून जाऊ नये म्हनून,” तात्या म्हणाले.

रामनाथचे डोळे भरून आले होते. त्यानं तिथंच, भर उन्हात, तात्यांच्या डोक्याला फेटा गुंडाळायला सुरुवात केली. पहिलाच वेढा तिरका बसला, त्यामुळे फेटा एका डोळ्यावर आला. तेवढ्यात लाईट आली आणि निवेदकानं घाईघाईनं जाहीर केलं, “नवरीचे चुलते सापडले आहेत. कार्यक्रम पुढे सुरू करत आहोत.” सगळा मांडव हसला. तेजस्विनी बोहल्याकडे येतच होती. मावशीनं चिमटा काढला तरी तीही खदखदून हसली.

लग्न लागल्यावर पंगतीत तात्या आणि हस्तीमल शेजारी बसले. दोघांचे फेटे डोक्यावरच होते.

“मंडप तुडवत पळालास तवा कोण पळत व्हतं? बघितलंस का?” हस्तीमलनं हळूच विचारलं.

तात्यांनी हातातला घास तसाच धरून प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“कुणीच न्हाई रं. नुसता रामनाथ दिसत व्हता,” ते म्हणाले, आणि त्यांनी वाढप्याला आणखी मठ्ठा मागितला.