बुरशीला हळद

पृथ्वीवरचं शेवटचं साम्राज्य बुरशीचं असेल आणि त्याची राजधानी आमच्या घराच्या मधल्या खोलीत स्थापन झाली आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने जाहीर करतो. राज्यारोहणाच्या दिवशी सकाळी साडेआठला बुरशीने पहिला हुकूम काढला. भात मोकळा हवा, गिचका चालणार नाही.

"यांना सांगून उपयोग नाही," प्रमिला बुरशीला म्हणाली आणि माझ्या हातातलं पातेलं तिने काढून घेतलं.

प्रमिला माझी बायको. तिच्या एकोणीस कोंबड्या दिवसभर आमच्या एकरभर मक्यात हिंडतात आणि वर्षभर तोच मका खातात. यंदा मक्यात लष्करी अळी शिरली. विष फवारलं तर कोंबड्या मरणार, न फवारलं तर मका जाणार आणि कोंबड्या उपाशी राहणार. प्रमिलाने मला एकोणिसांची नावं ओळीने म्हणून दाखवली आणि म्हणाली, "आता तुम्ही बघा."

म्हणून मी तालुक्याला जाऊन बुरशी आणली. ही बुरशी अळीच्या अंगावर पडली की आत शिरते आणि अळीचा कारभार आटोपते. कोंबडीकडे ती ढुंकूनही बघत नाही. शिजवलेल्या भातावर ती वाढवायची आणि मग मक्यावर शिंपडायची. देणाऱ्या बाईंनी दोनच गोष्टी बजावल्या होत्या. सावलीत ठेवा, आणि हळदीपासून लांब ठेवा.

भाताच्या नऊ पिशव्या झाल्या. बुरशीला खोली मानवली. खोली रोज मक्याच्या एका ओळीएवढी लांब होऊ लागली. पाचव्या दिवशी मला पलीकडच्या खिडकीपर्यंत चहा न्यायला नऊ मिनिटं लागली. सहाव्या दिवशी प्रमिलाने वाटेत विसाव्याला एक खुर्ची ठेवली. पिशव्यांमधून बारीक घोरणं ऐकू यायचं, जेवण चांगलं झालेला माणूस घोरतो तसं. मी खुर्चीत बसून ते ऐकत असे. निवृत्तीनंतर इतकी चांगली संगत मला मिळाली नव्हती.

सातव्या दिवशी सगुणाआत्या आली.

आत्या चौऱ्याऐंशीची. घरात नवं काही आलं की त्याला हळदकुंकू लावणं हे तिचं खातं. तिने ट्रॅक्टरला लावलं, गॅसच्या सिलिंडरला लावलं, जनगणनेला आलेल्या माणसाला लावलं. तो जेवूनच गेला. मी खुर्चीतून उठेपर्यंत तिचा अंगठा पहिल्या पिशवीवर टेकला होता.

"आत्या, हळदीने मरते ती."

"हळदीनं कोण मरतंय? हळदीनं जखम भरून येती."

"आपल्याला भरून यायला नकोय. अळीची जखम आहे ती."

"अळीला आई नाही व्हय रे?" आत्या म्हणाली आणि दुसऱ्या पिशवीकडे वळली.

दुपारी पहिल्या पिशवीचं घोरणं थांबलं आणि खोली एका ओळीने आखडली. संध्याकाळपर्यंत आत्याने आठ पिशव्यांचं मनापासून स्वागत केलं. खोली आधी होती तेवढी झाली, मग न्हाणीघराएवढी, मग कपाटाएवढी. माझे गुडघे समोरच्या भिंतीला टेकले. नववी पिशवी मी बंडीच्या आत लपवली आणि तिथेच बसल्या बसल्या झोपलो.

सकाळी पिशवी रिकामी होती आणि मी पांढरा होतो. कोपरांपासून सुरुवात झाली होती. दुपारपर्यंत पांढऱ्यावर हिरवट मखमल चढली. प्रमिलाने चष्मा लावून मला पुढून-मागून पाहिलं.

"शोभतं तुम्हाला," ती म्हणाली. "लग्नातला कोटसुद्धा असा बसला नव्हता."

बुरशी लागलेल्या अळीला शेवटी उंच जावंसं वाटतं. मलाही चारच्या सुमाराला तसं वाटू लागलं. मी शेतात गेलो आणि बरोबर मधल्या मक्यावर चढलो. मी चढत गेलो तसा मकाही वाढत गेला, त्यामुळे दोघांनाही घाई करावी लागली नाही. तुऱ्यावर बसलो आणि हात झटकले.

हिरवी धूळ उडाली. ओळीमागून ओळ अळ्या खाणं सोडून पानांच्या टोकांवर आल्या, पांढऱ्या झाल्या आणि शिस्तीत उभ्या राहिल्या. कोंबड्या त्यांच्यामधून माहेरी आलेल्या लेकींसारख्या हिंडत होत्या. मी पाय झटकले, मिशी झटकली. मला इतका आनंद झाला की मी पाढे म्हटले. एकोणीसचा पाढा मला आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत आला.

मग अंगाच्या पुढच्या बाजूची धूळ संपली. बांधाकडच्या चार ओळी राहिल्या. तिथल्या अळ्यांचं कुरतडणं वरपर्यंत ऐकू येत होतं. चार ओळी राहिल्या म्हणजे आठवड्यात पुन्हा एकर गेला. उरलेली बुरशी होती, चांगली पिकलेली, पण ती माझ्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तिथे माझा हात पोचत नाही. अडुसष्ट वर्षांत एकदाही पोचलेला नाही.

तेवढ्यात मक्याला शिडी लागली.

आत्या वर येत होती. डाव्या हातात तबक, उजवा अंगठा पिवळा. शिडीला ती हात लावत नव्हती. त्या वयात गरज वाटत नसावी.

"अहो आत्या, नका," प्रमिला खालून म्हणाली. "एकोणीस जीव आहेत."

"पोरगा नवा झालाय," आत्या म्हणाली. "तसाच कसा सोडू?"

ती माझ्या शेजारी तुऱ्यावर टेकली. तुरा वाकला आणि आम्ही दोघं हळूच बांधाकडे झुकलो, थेट त्या चार ओळींच्या वर. अंगठा माझ्या कपाळापासून एका बोटावर आला.

"आत्या," मी म्हणालो, "आधी जरा पाठ खाजव. मधोमध."

लहानपणी माझा ताप बघताना बघायची तसं तिने माझ्याकडे पाहिलं. खाली कुरतडणं थांबलं. एकोणीस कोंबड्यांनी माना वर केल्या.

"उजव्याने नको," मी म्हणालो. "डाव्या हाताने."

"बरं," आत्या म्हणाली. "तेवढं तबक धर."